फुकटातले सोळा गुंठे

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज भरदिवसा नगरपंचायतीत दरोडा पडला. दरोडेखोराने मला खुर्ची दिली, वरून चहाही पाजला.

हकीकत अशी. सेलूच्या गावठाणाला लागून माझं चार एकर वावर आहे. अण्णाजींनी, म्हणजे आमच्या वडिलांनी घेतलेलं. गाव वाढत वाढत आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला येऊन टेकलं, म्हणून धनंजयने लकडा लावला की बाबा, आता कापसाची पऱ्हाटी पुरे, लेआऊट टाका. पोराचं वर्ध्याला हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला घरं बांधणारे लोक दिसतात, मला त्याचं डोकं दिसतं. तरी ऐकलं. नकाशा काढून घेतला आणि आज मंजुरीला नेला.

तिथे धीरज नावाचा अभियंता बसतो. गळ्यात ओळखपत्र, पायात पळायचे बूट, वय आमच्या धनंजयपेक्षा कमी. नकाशा पाहिला आणि म्हणाला, "काका, यात खुली जागा दाखवली नाही. दहा टक्के सोडावी लागते. राहणाऱ्यांसाठी. मंजुरी झाली की रस्ते आणि ती जागा नगरपंचायतीच्या ताब्यात येते."

"मोबदला?"

"मोबदला नसतो, काका."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेहतीस वर्षं आर्वी डेपोत कंडक्टर होतो. माझ्या गाडीत फुकट्या कधी बसला नाही. पोलिसाला उतरवलंय. माझी मोठी बहीण जिजाबाई रोहण्याला दिलेली. तिला एकदा भरल्या गाडीत तिकीट काढायला लावलं, तेव्हा सगळी गाडी माझ्याकडे पाहत होती. आणि आता हे गाव माझ्या वावरात फुकट बसणार! चार एकराचे एकशे साठ गुंठे, त्यातले सोळा गेले.

मी म्हटलं, "हा दरोडा होय." त्याने पुन्हा चहा मागवला. निर्लज्ज.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रस्ते धरले तर अजून जातं. ते मी मोजलंच नव्हतं. रस्त्यांचं एक वेळ समजू शकतो, प्लॉटवाला काय उडत घरी जाईल? पण खुली जागा कशाला? माणसाने घर बांधावं, घरात बसावं.

धनंजय म्हणतो, "बाबा, सगळ्याईलेच सोडा लागते. नियम हाय." याला नियम बरे आवडतात.

जेवताना देवकाला, म्हणजे आमच्या मंडळींना विचारलं. पोळी वाढता वाढता म्हणाली, "मंग लोकाईचे लेकरं कुठं खेळतीन?" लोकांच्या लेकरांची हिला भारी काळजी. मी सांगितलं, माझ्या जमिनीचं मी पाहीन, तू पोळ्या पाहा. ती तव्याकडे वळली. पोळी करपली मात्र.

२ सप्टेंबर, मंगळवार

मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. द्यायचीच आहे ना जागा? घ्या म्हटलं. वावराच्या मागच्या अंगाला नाला आहे. पावसात तिथे गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात येड्या बाभळी. नाल्याकाठचा लांबुळका पट्टा बरोबर सोळा गुंठ्यांचा निघाला. नकाशावाल्याकडून त्यात हिरवा रंग भरून घेतला. कागदावर इतका सुंदर दिसला की मलाच तिथे जाऊन बसावंसं वाटलं.

आज तो धीरज स्वतः वावरात आला. पळायच्या बुटाचा चिखलात पार सत्यानाश झाला, तेवढंच समाधान. नाल्याकाठी उभा राहून म्हणाला, "काका, इथं तुमी तुमच्या नातवाले खेळाले पाठवाल काय?"

"मले नातू नाई."

"होईल नं. जागा एका तुकड्यात पायजे, चांगली चौरस, अन् रस्त्याले लागून. हे चालत नाई."

मग मी त्याला मागचा खडकाळ कोपरा दाखवला. त्याला जायला रस्ता नाही म्हणाला. बोअर मारून फसलो होतो ती जागा दाखवली. ती चार गुंठेही भरत नाही म्हणाला. प्रत्येक वेळी "काका, काका." मला एवढ्या गोडीने नाही म्हणणारा माणूस चालत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

जाता जाता म्हणाला, "अन् काका, सातबाऱ्यावर दोन नावं हायेत. जिजाबाईची संमती लागन."

९ सप्टेंबर, मंगळवार

अण्णाजी गेल्यावर तलाठ्याने फेरफारात बाईचं नाव चढवलं होतं. (जिजाबाईला मी बाईच म्हणतो.) तेव्हाच हक्कसोड करून घ्यायला हवं होतं. राहून गेलं. पण त्यात काय मोठंसं! सगळ्या बहिणी करून देतात. एक कागद, एक सही, वर्षातून एकदा साडीचोळी आणि माहेर शाबूत. देवकाने नाही का तिच्या भावांना करून दिलं? तिच्या वेळेस मीच तिला तालुक्याला घेऊन गेलो होतो. अर्ध्या तासात आटोपलं होतं.

बाईला जमिनीतलं काय कळतं? लग्नाआधी वावरातच असायची, ते खरं. मला अण्णाजींनी शाळेत घातलं आणि तिला निंदणाला. नाल्यातला गाळ टोपल्याने वाहून मागचं सगळं खडकाळ रान तिने आणि आईने भरलं, असं आई सांगायची. पण ती पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट.

खरी लढाई त्या सोळा गुंठ्यांची आहे. बाईचं काय, भाऊबीजेला उरकून टाकू.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रोहण्याला जाऊन आलो. वर्धा, आर्वी, मग रोहणा, तीन गाड्या. गाडीत सगळ्या बायकाच, त्यांना अर्धं तिकीट. असंच फुकट वाटत सुटले तर एस.टी. चालेल कशी? मीही अर्धंच काढलं, पण माझं वय झालंय, ते हक्काचं.

भाऊजी गेल्यापासून बाई एकटीच राहते. मुलगी काजल आर्वीला दिली आहे, ती आठवड्याला येऊन जाते. मला पाहून बाई दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "नाना! सात वर्षांनी आला रे. कोणी गेलं तं नाई ना?"

मी म्हटलं, "काऊन, कोणी गेल्याशिवाय येऊ नाई काय?"

पिठलं-भाकर केली, ठेचा केला. वावराची एकेक गोष्ट विचारत होती. विहिरीला पाणी किती आहे, रस्त्याकडची काळी जमीन अजून तशीच भुसभुशीत आहे का, धुऱ्यावरची बोर आहे की तोडली. मी सगळ्याला "आहे, आहे" म्हटलं. बोर तर मीच तोडली, परवा.

भाऊबीजेला ये म्हटलं तर डोळ्यांना पदर लावला. "एका कागदावर सही बी कराची हाय," असं निघताना चपला घालता घालता सांगून टाकलं. ती म्हणाली, "करीन ना. माह्याजवळ दुसरं काय हाय देयाले."

सुटलो. एवढं सोपं काम मी महिनाभर डोक्यावर घेऊन फिरलो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

बाई काल संध्याकाळीच आली. अनारसे घेऊन आली. आज ओवाळलं. ताटात साडी ठेवली, चांगली, देवकाने निवडलेली. घर कसं भरल्यासारखं वाटलं, हे मान्य करायला हवं.

जेवण झाल्यावर मीच मूर्खासारखा नकाशा काढला. धनंजय होता, देवका होती, म्हटलं बाईलाही दाखवावं तिच्या भावावर काय बेतलंय ते. आता नकाशात खुली जागा विहिरीजवळ आली आहे. त्या धीरजने शेवटी तिथेच आणली. बाईने बोट ठेवलं.

"हे हिरवं काय होय?"

म्हटलं, "ते गेलं, बाई. सोळा गुंठे! नगरपंचायत घेऊन राह्यली. एक छदाम देत नाई. आपल्या बापानं घेतलेली जमीन, आपण घाम गाळला, अन् थे म्हणतेत सही करा अन् सोडा. मी तं त्याच्या तोंडावर सांगतलं, फुकट घेणं म्हंजे दरोडा होय."

बराच वेळ बोललो मी. बाई ऐकत होती. ऐकून घ्यावं तर बाईने.

मग म्हणाली, "अन् हे पांढरं?"

"रस्ते. ते बी त्याईचेच."

"अन् हे पिवळे चौकोन?"

"प्लॉट. आपले."

तिने नकाशा स्वतःकडे वळवला. "नगरपंचायतले हिरवं देल्लं. रस्त्याले पांढरं देल्लं. माह्यासाठी कोणता रंग हाय, नाना?"

मला हसू आलं. म्हटलं, म्हातारपणी तुला रंगांची काय हौस! धनंजय हसला नाही. देवका उठून आत गेली आणि भांडी घासत बसली, सणाच्या दिवशी, भरदुपारी. या घरात विनोद कळणारा मी एकटाच आहे.

उद्या सकाळी अकराला दुय्यम निबंधकांकडे वेळ घेतली आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नाक कापलं. चारचौघांत कापलं.

दस्त तयार होता, साक्षीदार तयार होते, अंगठ्याचं यंत्र समोर होतं. खुर्चीवरच्या मॅडमने बाईला विचारलं, "आजी, यात लिहिलं आहे की तुम्ही तुमचा अर्धा हिस्सा भावाला विनामोबदला, स्वखुशीने सोडून देताय. बरोबर?"

मी म्हटलं, "हो, हो, बरोबर."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या."

बाईने विचारलं, "विनामोबदला म्हंजे काय, मॅडम?"

"म्हणजे काही न घेता. फुकट."

बाई माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, रडली नाही. कालच्या साडीत बसली होती. म्हणाली, "नाना, तू तं काल म्हनत होता, फुकट घेणं म्हंजे दरोडा होय."

मी म्हटलं, बाई, ते वेगळं, हे वेगळं.

"कसं वेगळं?"

आता ऑफिसात, पंधरा लोकांसमोर, कसं सांगणार? म्हटलं, घरी सांगतो, आधी अंगठा दे. तर मॅडमकडे पाहून म्हणाली, "खुशी नाई माही." मॅडमने दस्त बाजूला ठेवला आणि पुढचा नंबर बोलावला.

कसं वेगळं म्हणजे? नगरपंचायत परकी, मी भाऊ. त्यांनी घेतलं तर ते गेलं, मी घेतलं तर ते घरातच राहिलं. शेंबड्या पोराला कळेल. मला हे तिथेच सुचायला हवं होतं. रिक्षात बसल्यावर सुचलं, पण तेव्हा बाई ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. बाहेर पाहत होती.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बाई पहिल्या गाडीने गेली. देवका तिला सोडायला गेली होती. मी उठलो नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

पंधरा दिवस झाले. धनंजयला रोहण्याला पाठवलं, हात हलवत परत आला. आत्याने जेवू घातलं म्हणे. जमिनीचं विचारलं तर म्हणाली, "तुह्या बापाले सांगजो, मी अजून जिती हाय, त्यानं स्वतः यावं." हे सगळं त्या काजलने शिकवलेलं. पोरगी बारावी काय शिकली, आईचे कान भरायला लागली.

वर्ध्याला वकिलाकडे गेलो. त्याने सातबारा पाहिला आणि चष्मा काढला. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही, दोनच अपत्यं. अर्धी तिची, म्हणाला. वाद घालायला जागाच नाही. मी विचारलं, मग वकील कशाला झालात? त्याने फी परत केली. असा वकील मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी येऊन देवकापुढे बाईचा उद्धार केला. ती कधी नाही ते बोलली. "तुमी सोळा गुंठ्यासाठी तीन महिने भांडून राह्यले. तिचे तं ऐंशी होतेत. ती एक डाव नाई म्हनली तं तुमच्या अंगाचा तिळपापड झाला."

"तू नाही का सोडलं तुझ्या माहेरचं? तू कुठं तमाशा केला?"

"मले कोणी विचारलंच नाई," ती म्हणाली. "तुमी गाडीत बसवलं, मी बसली."

मला वाटलं होतं ती खुशीने आली होती. त्या दिवशी परत येताना आम्ही रसवंतीवर थांबलो होतो. तिने रस घेतला नव्हता, दात दुखतो म्हणाली होती. आज हे का आठवलं, कोण जाणे. जाऊ दे. सगळ्या बायका एक झाल्या आहेत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

धीरजचा फोन आला. "काका, आजी येऊन गेल्या ऑफिसात."

कोण आजी, तर आमची बाई! काजलला घेऊन, तीन गाड्या बदलून, नगरपंचायतीत आली आणि माझ्या घरी न येता परत गेली. घर तिथून पायी दहा मिनिटांवर. मी चिडून फोनवर ओरडलो, तर तो म्हणाला, काका, आधी ऐका.

बाईने त्याला नकाशा पसरायला लावला. टेबलावर नीट दिसेना, म्हणून खाली फरशीवर. तिची अट एकच. वाटणीपत्र करायचं, अर्धं तिच्या नावावर, अर्धं माझ्या. मग ती लेआऊटला संमती देते. आणि खुली जागा सगळीच्या सगळी तिच्या अर्ध्यातून जाईल. माझ्यातला एक गुंठाही नको.

"तू काय बोलला तिला?" मी विचारलं. "काय पट्टी पढवली?"

"काही नाई काका. नियम सांगितला. अन् मंग म्हटलं, आजी, नियम तं हायेच, पण मी तुमाले विचारतो, गावासाठी द्याल काय? तं त्या म्हणाल्या, असं विचारून घेत असशीन तं घे बाबू."

फोन ठेवून मी हिशोब केला. वाटणीपत्र केलं नाही तर लेआऊटच नाही; अर्धं असंही गेलंच आहे, वकिलाने सांगितलं. पण सोळा गुंठे वाचले! माझ्या वाट्याचे आठ धरले तरी वाचलेच. नगरपंचायतीला माझ्याकडून मातीचं ढेकूळही मिळालं नाही. मी ऑगस्टात जे म्हणत होतो तेच शेवटी झालं. धनंजयला बोलावून सांगितलं, पाहा, बाप जिंकला. तो म्हणाला, "हो बाबा," आणि दुकानात निघून गेला.

देवकाने आज वांग्याची भाजी केली होती, माझ्या आवडीची. अर्धं ताट तसंच टाकून उठलो.

१ डिसेंबर, सोमवार

वाटणीपत्र झालं. बाई निबंधकांकडे आली, त्याच मॅडम होत्या. "खुशी आहे ना आजी?" विचारलं. बाई "हाय" म्हणाली आणि तिने अंगठा दिला. माझ्याशी कामापुरतं बोलली. मीही कमी बोललो, म्हणजे बरोबरी झाली.

४ डिसेंबर, गुरुवार

धीरजने मंजुरी तयारच ठेवली होती. आज वावरात खुल्या जागेचा ताबा द्यायचा होता. चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या, दगड आणून टाकले होते. धीरज, त्याच्यासोबत एक टायपिस्ट, बाई, काजल, मी, धनंजय. देवकाही आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मला वाटलं बाई विहिरीकडची जागा देईल, जुन्या नकाशात होती तशी; तिच्या अर्ध्याचा नवा नकाशा मी उघडून पाहिलाच नव्हता. तिने रस्त्याकडची दिली. काळी, सपाट, गावातून आल्याबरोबर पहिली लागणारी. सगळ्यात महाग. मी न राहवून पुढे झालो. म्हटलं, "बाई, पागल झाली काय? इथं दुकानं निघतीन. विहिरीकडची दे, नाल्याकडची दे."

ती म्हणाली, "देयाचं तं चांगलं द्यावं. लेकराईले नाल्यात काऊन खेळवू?" आणि मग, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशी, "माह्या वाट्याचं हाय, नाना. मले एकदा देऊन पाहू दे."

मी मागे सरलो. पायाखाली ती सगळी भुसभुशीत माती होती.

टायपिस्टने ताबापत्र वाचलं. "जागा देणाराचं पूर्ण नाव?" मी सवयीने सुरू झालो, "नानाजी अण्णाजी ढगे." धीरजने माझ्या दंडाला हात लावला. "काका, देणाऱ्या आजी आहेत." तिने स्वतःच सांगितलं, जिजाबाई नारायण भोयर, मग थांबून म्हणाली, "अण्णाजी ढगे याची पोरगी, तेबी लिही." काजलने हात धरू पाहिला, पण बाईने सही स्वतः केली. एकेक अक्षर. मला माहीतच नव्हतं तिला सही येते म्हणून. कधी शिकली? धीरजने शिक्का मारून पोच दिली. तिने ती वाचून घेतली, घडी करून कमरेला खोचली.

मग टायपिस्ट म्हणाला, साक्षीदार पाहिजे. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी पेन घेतलं. चार महिने भांडलो त्या सोळा गुंठ्यांच्या कागदावर मला साक्षीला उभं केलं, आणि मी सही केली. का केली ते सांगता येत नाही. राग यायला हवा होता, मी वाट पाहिली, आला नाही.

"देणाऱ्याशी नातं काय लिहू?" टायपिस्टने विचारलं.

मी म्हटलं, "भाऊ."

त्याने लिहिलं नाही. पेन तसंच धरून तो बाईकडे पाहत राहिला, कारण जागा तिची होती आणि विचारायचं तिलाच होतं. बाई वावराकडे पाहत होती. मी उभा होतो. धनंजय, देवका, सगळे उभे होते. मग बाई त्याला "लिही" म्हणाली.